महिपतरावांची पवनचक्की आणि आजोबांची पगडी

महिपतरावांनी सगळ्या शिंदे की छावनी मोहल्ल्याला सांगून ठेवलं होतं, की जग तापत चाललंय, कोळसा जाळणं आता पुरे, आणि आपल्या लेकीच्या, गरिमाच्या लग्नात मांडवातले दिवे आपल्या गच्चीवरच्या पवनचक्कीवर लागतील. चक्की बसल्यापासून एकदाही धड फिरली नव्हती, ही गोष्ट वेगळी. ग्वाल्हेरचा वारा काय महिपतरावांना विचारून सुटतो! त्यांच्या पत्नी लीलाताई तर पहिल्याच महिन्यापासून स्टुलावर चढून तिच्या पात्यांवर टॉवेल वाळत घालायच्या.

उद्या सीमांतपूजन. त्यात आजोबांची शिंदेशाही पगडी जावयाच्या डोक्यावर ठेवायची, असा घरचा रिवाज. पगडीचं जुनं, लांबलचक चंदेरी कापड महिपतरावांनी स्वतः धुतलं, हलकी खळ दिली. संध्याकाळी दौलतगंजातून पगडी बांधणारे येणार होते. दोरीवर पाहुण्यांचे कपडे, म्हणून त्यांनी एक टोक पात्याला बांधलं आणि बाकीचं टाकीवर पसरलं. आँधीचे दिवस आहेत, असं लीलाताईंनी बजावलं, तर म्हणाले, "अगं, ती कुठे फिरतेय!"

दुपारी होणारा जावई समरजीत आणि त्याची आई शालिनीताई आले. महिपतराव त्यांना वाऱ्याची थोरवी ऐकवत होते, तोच आभाळ पिवळं झालं, दारं धडाधड आपटली आणि अख्ख्या छावनीची लाईट गेली. आणि बैठकीतला चक्कीला जोडलेला एकुलता एक बल्ब चक्क लागला! महिपतरावांच्या डोळ्यांत पाणीच आलं. ते बोट दाखवून काहीतरी बोलणार, इतक्यात त्यांना कापड आठवलं.

धोतर सावरत ते गच्चीवर पोचले, मागोमाग सगळं घर. चक्की भिंगरीसारखी फिरत होती आणि आजोबांची इभ्रत टाकीवरून सरसर गिळत होती. ब्रेक कुठे आहे ते महिपतरावांना आठवेना. कधी लागलाच नव्हता! ते तसेच हात घालायला धावले, तशी गरिमाने त्यांना मागून धरलं.

"बाबा, हाथ मत लगाओ! कापड गेलं तर जाऊ दे."

शेवटी कापडच इतकं आवळलं की चक्की अडून थांबली. वावटळ ओसरल्यावर समरजीत स्टुलावर चढला आणि हळूहळू एकेक फेरा सोडवू लागला. महिपतरावांनी डोळे गच्च मिटून घेतले होते. व्याह्यांना काय सांगायचं? आणि वर गेलेल्या आजोबांना?

"बाबा, कुठेच फाटलं नाही," समरजीत म्हणाला.

महिपतराव तिथेच धुळीत बसले. जीव भांड्यात पडला म्हणजे काय, ते त्यांना त्या दिवशी कळलं. शालिनीताईंनी कापड झटकून पाहिलं आणि म्हणाल्या, धूळ तेवढी बसलीय, पण वाळलंय मात्र छान. सगळे हसले, महिपतरावही हसले, आणि हसता हसता त्यांच्या अंगात पुन्हा वारं शिरलं.

"पण फिरली की नाही? बल्ब लागला की नाही?"

"फिरली हो," लीलाताई कापडाची घडी घालत म्हणाल्या. "आता माझे टॉवेल कुठे वाळत घालू, तेवढं सांगा."