डाव्या सीटवरून पेट्रोलचा काटा

गाडी मी चालवत नव्हते. तरी पेट्रोल संपलं ते माझ्यामुळेच, हे आधीच कबूल करून टाकते. जबलपूर चाळीस किलोमीटर, डोक्यावर मे महिन्याचं ऊन, दोन्ही बाजूंना सागाची वाळकी झाडं, आणि मांडीवर भोयर भाऊजींचं कार्ड धरून मी ठणकावून सांगत होते, "अजून पाच लिटर आहे." त्यावर गाडीनं दोन आचके दिले आणि ती थांबली. तेव्हा मी अडुसष्ट वर्षांची होते. म्हणजे तशी कोवळीच. त्या वयात माणसाला वाटतं, आपल्याला सगळं समजतं. आता चौऱ्याहत्तरीत जरा अक्कल आली आहे, म्हणून लिहिते आहे.

भोयर भाऊजी मानेवाड्यात आमच्या समोर राहतात. वजनमापे खात्यातून निवृत्त झाले. उभी नोकरी त्यांनी कळमन्याच्या बाजारातल्या व्यापाऱ्यांचे तराजू तपासले. अजूनही शर्टाच्या खिशात पितळेचं शंभर ग्रॅमचं वजन असतं. आमच्या गल्लीतला भाजीवाला त्यांना दुरून पाहिलं की पारड्यात दोन मिरच्या आपणहून जास्त टाकतो. आमच्याकडे एका लग्नात त्यांनी बुंदीचा लाडू तळहातावर झेलून सांगितलं होतं, "बेचाळीस." हलवायाचा चेहरा पडला. त्यानं पन्नास ग्रॅमचे कबूल केले होते.

त्यांचा कुठल्याच काट्यावर विश्वास नाही. वजनाचा असो, घड्याळाचा असो. "काटा मत सांगते, वैनी," ते म्हणतात, "माप नाही सांगत." आणि सगळ्यांत मोठा संशय गाडीतल्या पेट्रोलच्या काट्यावर. एका रविवारी त्यांनी टाकी पार रिकामी केली, खात्यातून आठवण म्हणून आणलेला पाच लिटरचा मापाचा डबा घेतला, आणि पाच-पाच लिटर ओतत दर खेपेला काटा कुठे येतो ते पाहिलं. निम्मी गल्ली रस्त्यावर. त्यातून एक कार्ड तयार झालं. कुणाच्या तरी लग्नपत्रिकेच्या पाठीमागे काट्याच्या डायलचं चित्र, त्यावर लाल ठिपके, प्रत्येक ठिपक्याला लिटर.

"पाहा," ते मला समजावत, "भरल्या टाकीत काटा झोपा काढते. शंभर किलोमीटर जा, जागचा हलणार नाही. अर्ध्याच्या खाली आला का मंग धावते. चढावर गाडी उभी करा, वेगळं सांगते. उतारावर अजून वेगळं."

"मग टाकी कायम भरूनच ठेवा ना."

"अन् मंग काटा खरा का खोटा, हे कळन कसं?"

टाकी संपत आली की लागणारा लाल दिवा त्यांच्या गाडीत केव्हाच गेलेला होता. त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं. "दिवा म्हणजे नुसती धमकी," म्हणत.

आता हे सगळं कशासाठी, ते सांगते. भाऊजींची एकुलती एक मुलगी, पल्लवी, जबलपुरात असते. तिला मुलगी झाली. पल्लवीनं सांगून टाकलं, बाबा आल्याशिवाय बारसं नाही. बाबा म्हणाले, येतो, जरा काटा समजून घेतो. पहिली तारीख गेली. दुसरी गेली. पोर चार महिन्यांची झाली, नाव नाही. सगळे तिला नुसतं 'छोटी' म्हणत. रेल्वेनं जा म्हटलं तर भाऊजी म्हणत, गाडी असताना रेल्वे काहून? आणि गाडी निघत नव्हती. तिच्यावर कव्हर, कव्हरावर आमच्या गुलमोहराचा कचरा.

तिसरी तारीख ठरली तेव्हा पल्लवीचा मला फोन आला. "काकू, या वेळी बाबा आले नाहीत तर सासरचे म्हणतात, आपण ठेवून घेऊ नाव. चार महिने थांबले, अजून किती थांबतील?" तिचा आवाज रडवेला होता. मी फोन ठेवला आणि चपला घातल्या.

भाऊजी कार्ड पुसत बसले होते. मी विचारलं, "अजून काय राहिलं समजायचं?"

त्यांनी कार्ड पालथं ठेवलं. मग म्हणाले, "चालवणाऱ्यानं रस्ता पाहावा, बाजूच्यानं काटा. हा आमचा नियम होता. आता बाजूले कोण आहे?"

भाऊजींच्या पत्नी कुसुमताई जाऊन दोन वर्षं झाली होती. त्या डाव्या सीटवर बसायच्या, एका हातात डबा, एका हातात पंखा, आणि दर थोड्या वेळानं सांगायच्या, "अवो, अर्धा झाला." एकदा त्यांच्यासोबत रामटेकला गेलो होतो, तेव्हा मी ऐकलं आहे. जाताना मनसरपर्यंत चार वेळा.

"मी बसते डावीकडे," मी म्हटलं. "मी वाचते काटा."

"तुमाले जमन?"

"न जमायला काय झालं? मी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं."

हे मी खरंच म्हटलं होतं. आठवलं की अजून कानशिलं तापतात.

आमचे हे मागच्या सीटवर बसले, संत्रा बर्फीचे डबे सांभाळायला. नुकतंच त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून काट्याच्या कामातून त्यांना सूट होती. कामठीच्या अलीकडेच त्यांनी झोप काढायला सुरुवात केली. टाकीत अठरा लिटर होतं. काटा कामाला लागावा म्हणून अर्धीच टाकी भरायची, असा भाऊजींचा हुकूम.

मी कार्ड मांडीवर धरलं. दर गावाला काट्याकडे बघायची, दोन ठिपक्यांमधलं अंतर नजरेनं मोजायची आणि आकडा सांगायची. खवाशाला चौदा. सिवनीला बारा. लखनादौनला पंप आला, भाऊजींनी विचारलं, "किती, वैनी?" मी म्हटलं, "आठ, चला बिनधास्त, जबलपुरात भरू." मला इतकी मजा येत होती की चहालाही थांबू दिलं नाही. भाऊजी काट्याकडे बघतही नव्हते. नुसते रस्त्याकडे बघून हसत होते, अधूनमधून "हूं" म्हणत होते.

गाडी थांबली तेव्हा ह्यांना जाग आली. "पोचलो का?" त्यांनी विचारलं.

भाऊजींनी मला उतरवून स्वतःच्या जागेवर बसवलं आणि किल्ली फिरवली. काटा तळाला टेकलेला. "आता डावीकडं बसा." बसले. काटा बोटभर वर. पुन्हा उजवीकडे, पुन्हा खाली. डायल खोल, काटा त्याच्या पुढे उचललेला. तिरकं पाहिलं की तो पुढच्या घरात दिसत होता. गणिताच्या बाईंना एवढं कळू नये? वर्गात मीच पोरांना सांगायची, मोजपट्टी समोरून वाचा रे.

"काहून वं, तीस वर्षं शिकवलं ना गणित?" मागून हे म्हणाले. बर्फीचा डबा मी त्यांच्याकडून काढून घेतला.

मापाचा डबा डिकीत होता. रिकामा. भरलेला डबा गाडीत ठेवणं धोक्याचं, म्हणून भाऊजी तो रिकामाच बाळगत. घड्याळात साडेअकरा, बारसं बाराला. तेवढ्यात स्कूटीवरून एक शिक्षिका आल्या, धुळीनं माखलेल्या. मी रस्त्यात आडवी आले. "बैठिए आंटी," त्या म्हणाल्या, आणि मी नऊवारी नाही तरी जरीची सहावारी सावरत, पोटाशी डबा धरून, अडुसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा स्कूटीवर बसले. पंप सात किलोमीटरवर निघाला. त्या संपूर्ण वाटेत मी फक्त चार महिन्यांच्या बिननावाच्या पोरीचा विचार करत होते. आणि थोडासा माझ्या कंबरेचा.

परत आलो तर भाऊजींनी डबा उन्हात वर धरून रेषेला रेष जुळते का ते पाहिलं.

"अंकलजी, पेट्रोल है, अमृत नहीं," बाई म्हणाल्या.

"बराबर है," भाऊजी म्हणाले, आणि मगच ओतलं.

दोनला पोचलो. पंगत उठत आली होती, पण पाळणा तसाच होता, फुलांसकट, रिकामा. पल्लवीच्या सासूबाई छोटीला मांडीवर घेऊन दारातच बसल्या होत्या. "हमने कहा, अब इतना रुके हैं तो नानाजी का मुँह देखकर ही रखेंगे," त्या म्हणाल्या. भाऊजींनी नातीला घेतलं, तळहातावर जरा तोललं. सवय. आकडा मात्र सांगितला नाही.

संध्याकाळी ते अंगणात एकटे बसले होते. मी चहा घेऊन गेले. दिवसभर एक गोष्ट मला खात होती. म्हटलं, "भाऊजी, माझी चूक झाली ते झालीच. पण अठरा लिटरमध्ये तुमची गाडी किती जाते, हे तुम्हाला पाठ आहे. लाडवाचं वजन तळहातावर सांगणारा माणूस तुम्ही. माझ्या आकड्यावर गप्प कसे बसलात?"

त्यांनी चहाचा एक घोट घेतला, कप बाजूला ठेवला.

"डावीकडून जास्तच दिसते, वैनी. कुसुमलेही बारा वर्षं जास्तच दिसे. मी हळूच एक नजर टाकून घेत होतो, तिले कधी सांगतलं नाही. आज नजर टाकाची आठवणच नाही राहिली. डावीकडून कोणीतरी बोलून राहिलं होतं ना, मले टाकी भरलेलीच वाटली. परत जातानाही तिथंच बसजा. काटा मी पाहीन, तुमी फक्त सांगत राहा."