आरोग्याच्या पन्नास चित्रांचा संच

माणसाला आरोग्य हवं असतं, पण ते फुकट मिळालं की त्याची कदर राहत नाही. हे ओळखून एका दूरदर्शी सिगारेट कंपनीने प्रत्येक पाकिटात ‘आरोग्याचे पन्नास नियम’ या मालिकेतलं एकेक रंगीत चित्र घालायला सुरुवात केली. पुढे चित्र, मागे नियम. (सिगारेट वगळून नुसतं आरोग्य घेण्याची सोय नव्हती.)

आमच्या गल्लीतल्या घड्याळजींनी तोवर सिगारेटला हात लावला नव्हता. पण पहिल्याच चित्रातला छाती फुगवलेला मिशीवाला त्यांना इतका भावला, की ते आरोग्याच्या नादाला लागले. कंपनीचा अल्बम आला, खळीची बाटली आली. बघता बघता एकोणपन्नास चित्रं चिकटली आणि घड्याळजींचा खोकला दुकानातल्या घड्याळांच्या टोल्यांच्या वरताण झाला. गल्लीची प्रगतीही समाधानकारक होती: दर दहा घरांमागे अल्बम नऊ, खोकले अकरा. (दोन सासवा नुसत्या घरच्या धुरावर होत्या.)

“अहो, आता पुरे झालं,” बायको म्हणाली.

“एकतिसावं तेवढं राहिलंय गं. ते मिळालं की सोडतो.”

शेवटी तिने त्यांना ओढतच दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी छाती तपासली.

“सिगारेट आजपासून बंद. नाहीतर तुमचं काही खरं नाही.”

घड्याळजींच्या डोळ्यांत पाणी आलं. मरणाचं त्यांना फारसं वाटलं नाही, पण अल्बम अपुरा ठेवून जायचं म्हणजे फार झालं. “डॉक्टर, माझं एकतिसावं राहिलं हो.”

डॉक्टरांनी दार लोटलं आणि टेबलाचा खण उघडला. “माझ्याकडे दोन आहेत. तुमच्याकडे सतरावं जास्तीचं आहे का?”

होतं. घड्याळजींनी घरी येऊन संच पुरा केला आणि दिलेल्या शब्दाप्रमाणे सिगारेट सोडली. मालिकेमुळे एक माणूस व्यसनमुक्त झाला, हे कंपनीने पुढच्या जाहिरातीत अभिमानाने छापलं.

एकतिसावा नियम कोणता होता, ते मात्र ठाऊक नाही. चिकटवायच्या घाईत मागची बाजू कोणी पाहिलीच नाही, आणि आता पन्नासही नियम खळीखाली सुखरूप आहेत. वाचकांनी घड्याळजींना खुशाल हसावं. फक्त त्याआधी आपल्या दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटातून त्या समग्र वाङ्मयाच्या खंडांपैकी कुठलाही एक काढावा आणि त्याची पानं एकमेकांपासून सुटी होतात का, तेवढं बघावं.