थंड पोळीचे डॉक्टर

डॉक्टर देवस्थळींच्या स्वयंपाकघरात गरम पोळीला हात लावला की मनगटावर काठी बसायची. काठी म्हणजे पट्टीसारखी चपटी, हातभर लांब, टोकाला निमुळती. ती नॉर्वेहून आलेली होती आणि तिचं खरं काम तव्यावरची पोळी उलटण्याचं होतं. मारही टिचकीएवढाच. पण मारणारा माणूस सत्तरीला टेकलेला, कमरेला बायकोचा फुलाफुलांचा एप्रन, भुवयांवर पीठ, आणि चेहरा थेट ऑपरेशन थिएटरमधला.

"फडक्याखाली थंड होऊ दे," ते म्हणायचे. "पेशंटला शुद्धीवर यायला वेळ लागतो."

पेशंट म्हणजे पोळी.

मी आणि माझी बायको मंजिरी नोकरीनिमित्त नॉटिंगहॅमला राहायला गेलो, तेव्हा मोबाईलला अजून बटणं होती. डॉक्टर दोन घरं सोडून राहायचे. तीस वर्षं इथल्या हॉस्पिटलात भूल देऊन ते निवृत्त झाले होते. भूल द्यायच्या आधी पेशंटला विचारायचा प्रश्न मात्र निवृत्त झाला नव्हता. "शेवटचं कधी खाल्लंस?" हा त्यांचा नमस्कार. पोस्टमनलाही ते इंग्रजीत हेच विचारायचे. एकदा कौन्सिलचा माणूस कचऱ्याच्या डब्यांची चौकशी करायला आला, तर म्हणाला, दहा वाजता, सॉसेज रोल. डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं आणि गंभीरपणे सांगितलं, "मग चारपर्यंत तुझं काही करता येणार नाही."

आणि दर रविवारी ते नॉर्वेची बटाट्याची पोळी करायचे. तिकडे तिला लेफ्से म्हणतात. पिठूळ बटाटे शनिवारीच उकडायचे. ते गरम असतानाच बायकोच्या, म्हणजे आमच्या काकूंच्या, चकलीच्या सोऱ्यातून दोनदा काढायचे, त्यात लोणी, साय, मीठ घालायचं आणि फ्रिजमध्ये ठेवून द्यायचे. मैदा रविवारी, अगदी लाटायच्या आधी. "आधी मिसळलास तर बटाटा पाणी सोडतो, आणि मग आपण रडतो." गोळा चिकटू नये म्हणून लाटण्याला पांढरा मोजा चढवलेला.

"अहो, माझ्या लाटण्याला पायातला मोजा!" काकू बाहेरून ओरडायच्या. रविवारी त्यांना स्वयंपाकघरात यायला बंदी होती.

"नवा आहे. कुणाचा पाय लागलेला नाही."

मी त्यांच्या हाताखाली बटाटे सोलायला जायचो. खरं सांगायचं तर मी तिथे नुसता बघायला जायचो. पोळी इतकी पातळ व्हायची की खालच्या ओट्यावरची नक्षी तिच्यातून दिसायची. मग ते काठी तिच्याखालून हलकेच सरकवायचे, पोळी धुतलेल्या मलमलीसारखी काठीवर लोंबायची, आणि तव्यावर उलगडायची. तिच्यावर तपकिरी ठिपके उमलायचे. खिडकीची काच वाफेने पांढरी व्हायची, बाग नाहीशी व्हायची, समोरची विटांची घरं नाहीशी व्हायची. आपण कुठल्या देशात आहोत हे थोडा वेळ आठवायचं नाही.

अशाच एका रविवारी मी विचारलं, "डॉक्टर, पण हीच पोळी का?"

ते लाटतच राहिले. "थिएटरमध्ये इंग्रिड म्हणून सिस्टर होती. नॉर्वेची. निवृत्त होताना तिनेच ही काठी मला दिली. त्याआधी एकदा ख्रिसमसला घरी बोलावलं होतं. टेबलावर मधोमध पोळ्यांची चळत, वर फडकं. सकाळीच करून ठेवलेल्या. तिची म्हातारी आई, नवरा, मुलं, ती स्वतः, सगळे बसलेले. एकही माणूस उभा नव्हता रे." त्यांनी पोळी फिरवली. "घरी आलो. ही गॅसपाशी उभी. टम्म फुगलेला फुलका पानात पडला."

"मग?"

"मग काय, खाल्ला. छान होता."

काकूंनी चाळीस वर्षं त्यांना गरम गरम वाढलं होतं आणि मागाहून स्वतः ओट्याशी उभ्याने पाच मिनिटांत उरकलं होतं. निवृत्तीनंतर डॉक्टर रोज म्हणायचे, बस ना बरोबर. काकू म्हणायच्या, हो हो, तुम्ही सुरू करा. म्हणून डॉक्टरांना अशी पोळी हवी होती जिच्यासाठी कुणाला उठायचं कारणच उरणार नाही.

"हजारो लोकांना विचारलं शेवटचं कधी खाल्लंत," ते म्हणाले. "हिला नाही विचारलं. मला तिला एकदा पूर्ण जेवताना बघायचंय. पहिल्या घासापासून शेवटच्या घासापर्यंत. बस, एवढंच."

आता माझा गुन्हा सांगतो. आजही तो आठवला की कान तापतात.

डिसेंबरात त्यांनी आम्हा दोघांना जेवायला बोलावलं. सगळं आधीच टेबलावर. वांग्याचं भरीत, वरण, लोणी, साखर, पोळ्यांची चळत. दवाखान्यात नंबर यायची वाट बघत बसावं तशा काकू खुर्चीच्या कडेवर बसल्या. एक घास झाला. दुसरा झाला. डॉक्टर श्वास रोखून होते. मला ती शांतता सोसेना. काकूंना बरं वाटावं म्हणून मी म्हणालो, "पोळी छानच आहे, पण काकू, तुमच्या फुलक्याची सर नाही हं हिला!"

काकूंचा चेहरा फुलला. "करू? दोन मिनिटं!"

आणि त्या उठल्या. लाटण्याचा मोजा निघाला. टेबलाखाली मंजिरीने मला लाथ मारली, ती मला खुर्चीचा पाय वाटली. मी चार फुलके खाल्ले. डॉक्टरांनीही खाल्ले. मग त्यांनी पोळ्यांवरचं फडकं चारी बाजूंनी नीट खोचलं.

घरी येताना मंजिरी म्हणाली, "काय केलंस कळलं का?"

"कौतुक केलं."

"बरं. आपल्या घरी मी कधी जेवते, सांग."

लग्नाला बारा वर्षं झाली होती. मला सांगता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांकडे गेलो. "मी तुमचा रविवार घालवला."

"घालवलास," ते म्हणाले. जराही राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. "पुढच्या रविवारी ये. पण तू जेवायचं नाहीस. तू उभं राहायचं."

त्या शनिवारी त्यांनी काकूंच्या कणकेचा डबा गुपचूप आमच्या घरी आणून ठेवला. रविवारी ते तिघं बसले. मी खांद्यावर पंचा टाकून उभा.

"पाणी राहिलं," काकू अर्ध्या उठल्या. मी पाणी ओतलं.

"लोणचं?"

"हे काय, काकू."

"गॅस चालू राहिला वाटतं."

"बंद आहे. आत्ताच बघून आलो."

"दार वाजलं का?"

"नाही!" आम्ही तिघं एकदम म्हणालो.

काकूंनी इकडेतिकडे पाहिलं. कारणं संपली होती. त्या खुर्चीत मागे सरकून बसल्या आणि जेवू लागल्या.

त्या फार सावकाश जेवत होत्या. पोळीचा नखाएवढा तुकडा, त्यावर टिपूसभर भरीत, मग खिडकीबाहेर बघत किती तरी वेळ चावणं. मंजिरीचं झालं. डॉक्टरांचं तर कधीच झालं होतं. बाहेर साडेतीनचा उजेड निवत चालला होता.

"अहो, उठा, हात धुवा. मला वेळ लागतो."

"तुला एवढा वेळ लागतो?"

"लहानपणापासून. आई ओरडायची."

"मग इतकी वर्षं पाच मिनिटांत कशी..."

"उभ्याने होतं पटकन," काकू म्हणाल्या. त्यांच्या लेखी त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं.

डॉक्टर उठले नाहीत. खरकटा हात ताटाच्या कडेवर तसाच ठेवून ते बसून राहिले. बोटांवरचं भरीत वाळलं. मंजिरी माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे बघू शकलो नाही.

काकूंनी आणखी एक पोळी घेतली.