मुंग्या आलेली कॅसेट

एका जंगलात एकच व्हिडिओ होता, आणि तो वाघोबाच्या गुहेत होता. सरकून बसा मुलांनो, पण ढकलाढकली नको. मागे स्टोव्ह आहे.

तर हा व्हिडिओ म्हणजे काळी पेटी. तिला पुढे तोंड. कॅसेट टेकवली की तोंड उघडायचं, कॅसेट आत जायची, तोंड बंद. वर ठेवलेल्या टीव्हीत मग चित्र यायचं.

जंगलात असा पाहुणा कुणी पाहिला नव्हता. तोंड आहे म्हणजे भूक असणारच. म्हणून आला त्या दिवशी त्याला हळदकुंकू वाहिलं, उदबत्ती ओवाळली आणि अस्वलीणकाकूंनी साजूक तुपातला शिरा चमचाभर त्याच्या तोंडात घातला. त्याने तो मुकाट्याने घेतला. तुमच्यासारखी नाटकं केली नाहीत.

तेव्हापासून दर शुक्रवारी शिरा.

त्याच जंगलात भिंगरी नावाची हरिणी होती. तिला एक पाडस होतं, टिकल्या. टिकल्याच्या बारशाला माकडाने कॅमेरा आणून शूटिंग केलं होतं. त्याच दिवशी टिकल्याचे बाबा पाहुण्यांसाठी कोवळा पाला आणायला गेले, ते परत आलेच नाहीत.

वाघोबा स्वतः भिंगरीच्या दारी आला होता.

"रडू नकोस, मुली. त्याला शहरात नोकरी लागली. घाईत गेला," तो म्हणाला. आणि ढेकर दिली.

टिकल्या मोठा झाला तसा रोज विचारू लागला, "आई, बाबा दिसायचे कसे?"

आता काय सांगणार? शिंगं होती म्हणावं, तर शिंगं सगळ्यांनाच. हसरे होते म्हणावं, तर हसणं दाखवायचं कसं? शेवटी ती बारशाची कॅसेट घेऊन शुक्रवारी गुहेत गेली. मनात धाकधूक होतीच. वाघाच्या घरी लेकराला घेऊन जायचं, म्हणून तिने टिकल्याला आपल्या पोटाशी उभं केलं.

कॅसेट घातली. पडद्यावर नुसत्या मुंग्या. काळ्या-पांढऱ्या, लाखो, वळवळणाऱ्या. आवाज खर्रर्र.

"वा!" सगळे म्हणाले. त्यांनी दुसरं काही कधी पाहिलंच नव्हतं.

"आई, यातले बाबा कोणते?" टिकल्याने विचारलं.

भिंगरीच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाहून काकू म्हणाल्या, "मुंग्याच आहेत ना? मग खवल्याला बोलवा. तो मुंग्या खातो."

खवले मांजर आलं. त्याने जीभ लांब करून अख्खा पडदा चाटला. मुंग्या तशाच. खवल्या तोंड वाकडं करून म्हणाला, "चव नाही."

मग काकूंनी व्हिडिओची मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. सगळा धूर तोंडातून आत गेला. मुंग्या दुप्पट झाल्या.

"महाराज, मी मिस्त्री आणू का?" भिंगरीने भीत भीत विचारलं.

"आण की," वाघोबा म्हणाला. त्याला पुढच्या शुक्रवारी स्वतःच्या वाढदिवसाची कॅसेट बघायची होती.

मिस्त्री म्हणजे उंदीर. तालुक्याच्या गावी टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात तो माळ्यावर राहायचा. सात वर्षं वरून बघून बघून शिकलेला. त्याने पेटीचं झाकण काढलं आणि कपाळावर हात मारला.

"हा गुळगुळीत ढोल बघितलात? हा गरगर फिरतो. त्याच्या कडेला दोन टोकं आहेत, खसखशीच्या दाण्याहून बारीक. त्यांना हेड म्हणतात. फीत ढोलाला वेढा घालून सरकते आणि ही टोकं तिला घासत घासत चित्र वाचतात. त्यांच्यावर कणभर मळ बसला की ती आंधळी होतात. आणि इथे? इथे शिरा आहे!"

"बेदाणे घालून केला होता," काकू म्हणाल्या.

"दिसतायत बेदाणे."

"मग आता नवी टोकं लागणार का हो, मिस्त्री?" भिंगरीने विचारलं.

"बघतो. मळ पुसता येतो, वहिनी. झीज पुसता येत नाही. झिजली असतील तर नवीच बसवावी लागतील." त्याने स्पिरिटची बाटली काढली. "या कामाला खरं म्हणजे मऊ कातडं लागतं. हरणाचं—"

भिंगरी त्याच्याकडे बघत होती.

"फडकं चालेल," उंदीर पटकन म्हणाला. "जुनं, धुतलेलं, धागे न सुटणारं."

त्याने ओलं फडकं टोकांपाशी हलकेच धरलं आणि ढोल हाताने फिरवला. "वर-खाली घासायचं नाही. टोक तुटतं. आणि एक लक्षात ठेवा. चित्र मध्येच थांबवून ठेवू नका. बाहेर चित्र थांबलं तरी आत ढोल फिरतच असतो. फितीच्या त्याच जागी घासत राहतो. चार दिवसांत चित्र पुसून जाईल."

वाघोबा डोळे मिटून पडला होता. पण कान उघडे होते.

कॅसेट पुन्हा घातली. आणि काय सांगू! पाळणा दिसला. पाळण्याची झालर दिसली. अस्वलीणकाकू पदराखाली लाडू लपवताना दिसल्या. आणि टिकल्याचे बाबा! डाव्या शिंगाचं टोक मोडलेलं. एकाच गालाने हसणारे. ते वळले, कॅमेऱ्याकडे बघून हसले आणि उंच गवताकडे निघाले.

गवतात पिवळ्यावर काळे पट्टे होते.

पट्ट्यांच्या मागे तरसाची जीभ लोंबत होती. हा तरस म्हणजे वाघोबाचा कारभारी. माकडाला तेव्हा काही दिसलं नव्हतं. ते एका हाताने पेढा खात होतं.



"मिस्त्री, हे काय करून ठेवलंस? पडद्यावर पट्टे आले," वाघोबा शांतपणे म्हणाला.

"आले, आले! चांगला चालणारा व्हिडिओ बिघडवला मेल्याने," तरस म्हणाला.

"आधी कित्ती स्वच्छ मुंग्या दिसायच्या," काकू म्हणाल्या.

"हेड झिजलं असणार. हो ना रे?" वाघोबाने विचारलं.

खरं बोलायचं नाही, असं उंदराने ठरवलं होतं. पण कामाची गोष्ट निघाली की त्याला राहवायचं नाही. "झिजलं असतं तर पट्ट्यांना शेपूट नसती आली, महाराज."

वाघोबाने त्याच्याकडे बराच वेळ प्रेमाने पाहिलं.

मग तो उठला आणि भरल्या गळ्याने म्हणाला, "चित्र इथेच थांबवा. बिचारा पोरका टिकल्या. त्याला बापाचं डोळे भरून दर्शन होऊ दे. आठ दिवस कुणी बटणाला हात लावायचा नाही."

"केवढं मन!" सगळे म्हणाले. काकूंनी डोळे पुसले आणि शिऱ्याला रवा भाजायला घेतला.

पेटीच्या आत ढोल फिरू लागला. तिथेच, त्याच जागी.

भिंगरी वाकून टिकल्याच्या कानात म्हणाली, "नीट बघितलंस?"

"हो. बाबाही बघितले. आणि तेही."

"मग चल. तहान लागलीय म्हण."

"आई, मला तहान लागली!" टिकल्या मोठ्याने म्हणाला.

दोघं नदीवर गेली. नदी पार करून पलीकडच्या डोंगरात गेली. मागे वळून बघितलं नाही.

आठव्या दिवशी पडद्यावर पट्टे नव्हते. बाबाही नव्हते. छान मुंग्या होत्या. गुहेत आरती झाली. उंदीर मिस्त्री कुठे दिसला नाही. त्याला शहरात नोकरी लागली, असं महाराजांनीच सांगितलं.

तात्पर्य : पडद्यावर मुंग्या दिसल्या तर हात जोडावेत. यंत्र पुसू नये. अगदीच पुसायचं झालं, तर राजा जेवून झोपलाय का ते आधी बघावं, आणि आपल्या लेकराला तहान लागलीय का ते विचारून ठेवावं.

आणि आता आपल्या व्हिडिओच्या तोंडात बिस्किट कुणी घातलं, ते सांगा बघू. मी मुळीच रागावणार नाही.