लूपमधले नवरदेव

"पत्रिका वाटत दारोदार फिरायला मी काय येडा हाय काय?" शिवयोगीनं साखरपुड्यातच छाती फुगवून जाहीर केलं होतं. "वेबसाइटी बनवणाऱ्याच्या लग्नाला वेबसाइटच पायजे की! लिंक टाकली, विषय संपला!"

आणि विषय खरंच संपायला आला!

काम तसं हातचा मळ. कोडमधल्या डिक्शनरीत, म्हणजे नावांच्या तक्त्यात, एका बाजूला नातं, दुसऱ्या बाजूला त्या नात्यातल्या माणसांची यादी. लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करणारा कोड, फिरवला की तो एकेक नाव उचलून पानावर मांडणार. फक्त 'दानेश्वरीचे नियोजित वर' आणि पुढं हातातलं नाव छापणारी ओळ चुकून लूपच्या पोटात राहिली. लूप बिचारा सांगकाम्या! प्रत्येक नाव त्या ओळीत भरून छापत सुटला.

लिंक ग्रुपवर पडून दोन तास झाले न झाले, होणाऱ्या सासऱ्यांचा फोन!

"जावईबापू, माज्या पोरीचा नवरा मीच?"

"अय्यो! काय बोलताय अप्पा?"

"मी न्हाय, तुमचं पान बोलतंय! खाली माजा भाऊ बी नवरदेव, तुमचं वडील बी नवरदेव!"

शिवयोगीनं लॅपटॉप ओढला.

"अप्पा, लगेच काढतो!"

"पानावरनं काढाल वो! सोफ्यावरनं बसूला कसं काढू? मंद्रूपवरनं फेटा बांधून आलाय!"

बसू म्हणजे दानेश्वरीचा धाकटा मामा. त्यांच्यात भाचीवर पहिला हक्क मामाचा. त्यानं मागणी घातली होती, दानेश्वरीनं ती झटकून टाकली होती. आता पानावर आपलं नाव बघून गडी हरखून आला होता.

दानेश्वरीनं फोन ओढला. "अवो, मामा आजीला पेढा भरवतोय! आजी म्हणती, घरचंच पोरगं हाय, जाहीर बी झालंय, आता मोडू नगा! कायतरी करा की!"

पेटलेल्या गोठ्यातनं म्हैस सोडवावी तशी शिवयोगीनं ती ओळ लूपमधनं ओढून काढली आणि लूपच्या खाली नेऊन बांधली.

"झालं! रिफ्रेश कर! आता एकच नवरदेव दिसंल!"

पलीकडं शिट्टी. मग टाळ्या!

"दिसला का एकच?"

"दिसला की," दानेश्वरी हुंदका देत म्हणाली. "बसूमामा!"

लूप थांबला, तरी शेवटी उचललेलं बसूचं नाव मुठीत घट्ट धरून बसला होता!

तेवढ्यात अप्पांचा आवाज आला. "शिवयोगीराव," ते म्हणाले. जावईबापू गायब! "आता कशाला बी हात लावू नगा. पेढं लई हायत. तुमी बी या खायला."