सत्काराचा चष्मा

"आडमुठा माणूस ना? चार लोकांत मान दिला की लोणी होतो, लोणी!" मलकापुरातून निघताना समीक्षाने आईला ऐटीत सांगितलं होतं. कुपवाडच्या कारखान्यात आज ती पहिल्यांदाच कामगारांना प्रशिक्षण देणार होती. विषय एवढासा: मशीनवर काम करताना सुरक्षा चष्मा लावा. चष्म्यांचं खोकं तीन वर्षं कुणी उघडलंही नव्हतं. मॅनेजर जयराजने निक्षून सांगितलं होतं, "सोमवारी मशीनवर चष्मे दिसले तर तुमची नोकरी पक्की. नाहीतर राम राम!"

पहिल्या रांगेत लेथ मशीनवाले बाळासो पाय पसरून बसले होते. समीक्षाने तोंड उघडायचा अवकाश!

"मॅडम, अठ्ठावीस वरसं लेथ चालवतोय. डोळं दोन्ही हायती. मोजून घ्या!"

सगळे खो खो हसले. पुढच्या प्रत्येक वाक्याला बाळासोंची फोडणी. शेवटी समीक्षाने हुकमाचं पान काढलं. स्वागताला स्वतःला मिळालेला गुलदस्ता उचलला आणि "सर्वांत अनुभवी कामगार" म्हणून बाळासोंचा सत्कार केला. टाळ्या! बाळासो लाजून चक्क गप्प बसले. समीक्षा मनातल्या मनात नाचली.

तेवढ्यात पॅकिंगच्या रंगुबाई उठल्या.

"आवं मॅडम, लेथवालं तेवढं मानाचं, आन आमी काय वाटंवर पडलोय? बावीस वरसं झाली मला!"

"आन पेंटिंगला कोण इचारतंय?" मागून आवाज आला.

"चला रं! मान न्हाई तितं बसायचं न्हाई!"

खुर्च्या सरकल्या. अर्धा हॉल दाराकडे निघाला. गुलदस्ता एकच होता, तोही बाळासोंच्या मांडीवर. टेबलाखाली होतं फक्त ते चष्म्यांचं खोकं!

"थांबा!" ती ओरडली. "सत्कार सगळ्यांचाच आहे. खातेवार!"

मग एकेकाला पुढे बोलवायचं, डोळ्यांवर चष्मा चढवायचा, टाळ्या, फोटो, "दोन शब्द बोला". रंगुबाईंचे दोन शब्द अकरा मिनिटं चालले! शेवटी बाळासोच उठून आले. "ह्यो गुलदस्ता घ्या माघारी. मला बी चष्मा पायजे." प्रशिक्षणाचं एक अक्षर झालं नाही, पण चाळीसच्या चाळीस नाकांवर चष्मे होते.

सोमवारी समीक्षा पेढे घेऊनच हजर झाली. पाहते तर एकाच्याही डोळ्यांवर चष्मा नाही!

"बाळासो, चष्मा कुठंय?"

"शोकेसमदी. पोरीच्या ट्रॉफीशेजारी. आवं, सत्काराचा चष्मा कामावर घालून मळवायचा व्हय?"

समीक्षाच्या डोळ्यांत पाणी आलं. बाळासोंनी घाईघाईने खिशातून कागद काढला. "रडू नगासा. रोजच्यासाटनं दुसरं द्या म्हणून अर्ज लिवलाय. सगळ्यांच्या सह्या हायत्या. बायकू म्हनली, चष्म्यात रुबाबदार दिसतासा!"

जयराजने अर्ज दोनदा वाचला. तीन वर्षांत या लोकांनी पहिल्यांदा चष्मे मागितले होते, तेही लेखी! त्याने तिथल्या तिथे सही ठोकली.

"नोकरी पक्की, मॅडम," तो म्हणाला, पण तोंड फुगलेलंच.

"मग काय चुकलं, सर?"

"काही नाही हो," जयराज खिडकीबाहेर बघत म्हणाला. "चाळीस लोकांचे सत्कार झाले. मॅनेजर तेवढा कुणाला आठवला नाही."

समीक्षाने स्वतःच्या डोळ्यांवरचा सुरक्षा चष्मा काढला आणि टाळ्या वाजवायला बाळासोंना हाक मारली.