श्रावणभाऊ मिस्त्री आणि जड स्टिअरिंग

श्रावणभाऊ मेश्राम, वय एकसष्ट, ट्रकचे मिस्त्री. गेल्या मंगळवारी दुपारी साडेबारा वाजता मालकाने त्यांना बुटीबोरीच्या वर्कशॉपमधून हाकललं. गुन्हा एकच: त्यांनी मालकाला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं.

ही त्यांची जुनी खोड. स्टिअरिंग जड झाल्याची तक्रार आली की ते पाना उचलत नाहीत, मालकाला बोलावतात. "पहिले तू फिरव." भरलेला ट्रक जागेवर उभा, वर पांढऱ्या कपड्यांतला मालक घामाघूम, आणि खाली स्टिअरिंगच्या पंपाला दाब मोजायचा गेज लावून उकिडवे बसलेले श्रावणभाऊ ओरडणार, "अजून! जेवला नाही काय गा?" आधीच्या एका मालकाची पाठ धरली. दुसऱ्याने पाटी लावली, 'मिस्त्रीशी बोलू नये'. ती वाकडी झाली तेव्हा श्रावणभाऊंनीच खिळे ठोकून सरळ केली.

मंगळवारी गेजचा काटा निम्म्यावरच अडकला. पंप घासला होता, नवाच हवा होता. मालक म्हणाला, "वॉल्व्हच्या स्प्रिंगखाली वायसर टाक, प्रेशर वाढते."

"वायसरनं पंप नवा होते काय? पाइप फाटन. मंग वळणावर स्टिअरिंग तू धरशीन?"

तिथेच हाकललं. वायसर, म्हणजे ती छोटी चकती, दुसऱ्या मिस्त्रीने टाकला. पंप श्रावणभाऊंनीच बिघडवला असा कागद झाला, आणि त्यावर साक्षीदार म्हणून सही केली त्याच ट्रकच्या ड्रायव्हरने, प्रकाशने.

मी युनियनच्या या पत्रकाचा मसुदा घेऊन श्रावणभाऊंच्या खोलीवर गेलो. त्यात प्रकाशला 'मालकाचा चमचा' म्हटलं होतं. खोलीत एक खाट, एक ताट, एक गिलास. खाटेवर प्रकाश पालथा झोपलेला, स्टिअरिंग ओढून खांदे सुजलेले. श्रावणभाऊ गरम फडक्याने शेकत होते.

"हळू बोल ना गा. आत्ताच डोळा लागला त्याचा."

"यानेच सही केली!"

"मीच म्हटलं, करून दे. त्याले लेकरं हायेत. माह्यी वाट पाहून राहिलं कोण?" फडकं पिळत ते म्हणाले, "माह्यं राहू दे. ते गाडी थांबव."

मी 'चमचा' खोडला. प्रकाश जागाच होता. भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "सारं छाप, भाऊ. माह्या नावासकट."

छापलं आहे. सोमवारी सकाळी आठला तोच ट्रक, तोच पंप आणि तोच वायसर घेऊन प्रकाश कळमेश्वरला लोखंड न्यायला निघणार आहे. वाचून हळहळू नका. आठच्या आधी वर्कशॉपच्या फाटकावर या आणि ट्रकसमोर उभे राहा.